मोहिद्दीन शिकलगारची क्रेन

सांगलीहून माधवनगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आप्पासो आरवाडे यांची फौंड्री होती. मोहिद्दीन शिकलगार तिथं वायरमन होता. म्हणजे सगळे त्याला वायरमन म्हणायचे. हजेरीच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढं ‘हेल्पर’ असंच लिहिलेलं असायचं. वायरमनचा सरकारी परवाना त्याच्याकडं नव्हता. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षा म्हटलं की त्याचे हातपाय गार पडायचे. भर वाऱ्यात खांबावर बसून निवांत तार ओढणारा हा माणूस कोऱ्या कागदासमोर बसवला की घामाघूम व्हायचा.

मूळचा तो उंब्रजचा. बाप दिलावर शिकलगार विळे, कोयते, कात्र्या यांना धार लावायचा. चाक खांद्यावर टाकून पंचक्रोशीतले बाजार फिरायचा. चौथी झाल्यावर मोहिद्दीन बापाच्या चाकाची दोरी ओढायला लागला आणि शाळा तिथंच राहिली. कोयनेला धरणाचं काम जोरात चाललं होतं तेव्हा, अठराव्या वर्षी, तो कोयनानगरला गेला. पहिली दोन वर्षं त्यानं नुसती तारेची भेंडोळी वाहिली.

तिथं त्याला ज्ञानू पवार नावाचे लाइन-फोरमन भेटले. तोंडानं फटकळ, पण शिकवताना हात आखडता घ्यायचे नाहीत. “दिवा गेला म्हंजे वीज गेली असं समजणारा वायरमन, आन् साप हलंना म्हंजे मेला असं समजणारा गडी, दोघांची उमर सारखीच,” असं ते म्हणायचे. काम सुरू करायच्या आधी मेन स्विच ओढायचा, फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचे, आणि एवढं करूनही टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावून बघायचं. मोहिद्दीनच्या अंगी ही सवय मुरली. सदुसष्ट सालच्या भूकंपात कॉलनीतल्या घरांच्या भिंती बसल्या, तारा रस्त्यावर लोळायला लागल्या, तेव्हा सगळे ढिगाऱ्यांकडं धावले. ज्ञानू फोरमननी मोहिद्दीनला उलट दिशेला पळवलं, आधी लाइन बंद करायला. हाका मारणाऱ्या माणसांच्या शेजारून तो तसाच पळत गेला. त्याच्या गल्लीत तारेला चिकटून कोणी मेलं नाही, पण त्या हाका त्याला पुढं कित्येक महिने ऐकू येत राहिल्या.

लग्न झालं ते मिरजेच्या आबेदाशी. तिचे वडील मिरजेत तंबोऱ्याच्या दुकानात तारा चढवायचं काम करायचे. आबेदा सातवी पास होती, अक्षर मोत्यासारखं. कोयनानगरचा पाऊस आणि जमिनीचे हादरे दोन्ही तिला सोसेनात. एकाहत्तर साली दोघं सांगलीला आली आणि मोहिद्दीन आरवाड्यांच्या फौंड्रीत लागला.

फौंड्रीत तेव्हा सगळं काम माणसांच्या अंगबळावर चालायचं. भट्टीतून लोखंडाचा रस लेडलमध्ये घ्यायचा. लेडल म्हणजे आतून मातीनं लिंपलेली मोठी लोखंडी बादली. तिला लांब दांडे लावून आठ जण उचलायचे, चौघं पुढं, चौघं मागं, आणि वाळूच्या साच्यांपर्यंत चालत न्यायचे. पुढच्या जोडीत कृष्णात खोत असायचा. मिलिटरीत ट्रक चालवून आलेला, आडव्या हाडाचा, आवाज खणखणीत. “हळूऽ... खाली बघा... डावं पाऊल...” असं तो म्हणत जायचा आणि बाकीचे सात जण त्याच्या आवाजावर चालायचे. कुणी शिंकलं तरी आठही जणांच्या जिवाशी गाठ होती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तसं झालंच. मागच्या एकाचा पाय वाळूवरून घसरला, लेडल कलली आणि ओंजळभर रस बाजूला बसून साचा सारखा करणाऱ्या गुंडा माळ्याच्या बुटात शिरला. गुंडा तीन महिने मिरजेच्या दवाखान्यात होता. परत आला तो उजवा पाय ओढत. आप्पासो दर रविवारी त्याला बघायला जायचे. खाटेशेजारी मोसंबी सोलत बसायचे. गुंडा परत कामावर आला त्याच आठवड्यात ते मुंबईला गेले, आणि एका बंद पडलेल्या कारखान्यातली पाच टनी क्रेन ठरवून आले.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत ती क्रेन तीन ट्रकांतून सुटी सुटी आली. गंजलेली, तेलकट, आणि सोबत एकही नकाशा नाही. गवंड्यांनी आणि फिटरांनी दोन महिन्यांत भिंतींलगत खांब उभे केले, वर रूळ टाकले आणि चेन-पुलीनं क्रेन वर चढवली. छताखाली आडवा टाकलेला तो लोखंडी पूल होता. रुळांवरून पूल पुढं-मागं चालणार, पुलावरचा गाडा डावी-उजवीकडं सरकणार, आणि गाड्यातून सुटलेला हुक वर-खाली होणार. पुलाच्या एका टोकाला चालवणाऱ्यासाठी लोखंडी केबिन लोंबत होती. सगळं जागेवर बसलं. हालत मात्र काही नव्हतं, कारण वीज जोडायची होती, आणि पुण्याची जी मंडळी ते काम करायची ती म्हणाली, दिवाळीआधी जमणार नाही.

आप्पासोंनी मोहिद्दीनला बोलावलं.

“मोहिद्दीन, हिला वीज तू जोडशील का?”

मोहिद्दीननं वर पाहिलं. “मालक, मी क्रेन लांबनं बघितलीया. कोयनेला पॉवरहाऊसात हुती. हात कवा लावला न्हाई.”

“मी तरी कुठं आधी क्रेन घेतली होती?” आप्पासो म्हणाले.

तरी परवानाधारक माणूस हवाच होता. मिरजेचे गोडबोले ठेकेदार आले. साठी उलटलेले, धोतर, काळी टोपी आणि खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. त्यांनी मोहिद्दीनला तासभर उलटसुलट प्रश्न विचारले, मग म्हणाले, “काम तू कर. तपासणार मी. कागदावर सही माझी, तेव्हा तुझी चूक ती माझी चूक. पण एक अट आहे. हे काम झालं की तू परीक्षेला बसायचं.”

“साहेब, लिवायचं म्हंजे...”

“अट म्हणजे अट.”

मोहिद्दीननं मान हलवली. परीक्षा लांब होती, क्रेन समोर होती.

पहिला प्रश्न साधा आणि अवघड होता. जी वस्तू दीडशे फूट पुढं-मागं पळते तिला वीज द्यायची कशी? तार बांधली तर ती ताणून तुटणार नाहीतर चाकाखाली जाणार. उत्तर कोयनेला त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंतीच्या कडेनं, रुळांच्या जरा खाली, पांढऱ्या चिनीमातीच्या गट्टूंवर लोखंडाचे तीन उघडे अँगल टोकापासून टोकापर्यंत ओढायचे. तीन अँगलमध्ये विजेच्या तीन फेज. क्रेनला लावलेले तीन धातूचे तुकडे त्या अँगलांवरून घासत जातात आणि क्रेन जाईल तिथं तिला वीज मिळते. त्या तुकड्यांना सगळे ‘शू’ म्हणायचे. मुंबईहून आलेल्या सामानात नेमके तेच नव्हते.

“इकत मिळत्याल का?” त्यानं गोडबोल्यांना विचारलं.

“मुंबईला मिळतील, महिन्याभरानं.”

तिथंच साचा दाबत बसलेला गुंडा माळी हसला. “आवं, आमी हितं भजी तळतो का? फौंड्री हाय न्हवं ही? आकार दावा, मी वततो.”

मोहिद्दीननं लाकडाचा नमुना घासून दिला. गुंडानं साचा केला आणि गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथील मिसळलेल्या धातूचे, सहा शू ओतले, तीन लावायला, तीन शिलकीत. हातात घेतल्यावर ते अजून कोमट होते. गुंडा म्हणाला, “माझ्या पायाचं काम आता ही क्रेन करणार असंल, तर तिचं पाय मी केल्यालं बरं.”

दुसरं कोडं केबिनमधल्या तारांचं होतं. केबिनमधून गाड्यापर्यंत चोवीस तारा जायच्या, सगळ्या एका रंगाच्या, काळ्या. एक तार चुकली तर हुक उचलायच्या ऐवजी गाडा पळणार. मोहिद्दीन एकेक तार टेस्ट लॅम्पवर शोधायचा, मनात आकडा धरायचा, आणि आठव्या-नवव्या तारेला पहिल्या दोन विसरायचा. घरी येऊन तो नुसता बसून राहिला तेव्हा आबेदानं विचारलं, “काय झालं?” त्यानं सांगितलं. तिनं पेटीतून पांढऱ्या नाडीचं बंडल काढलं, बोटभर लांबीचे तुकडे कापले, आणि प्रत्येक तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईनं आकडा घातला. प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे, तारेच्या दोन्ही टोकांना बांधायला.

“आन् आकड्याखाली ह्यो शब्द कसला?”

“तार कुठनं कुठं जाती ते. ‘हुक वर’, ‘हुक खाली’, ‘गाडा डावा’. तुमी सांगा, मी लिवते. उद्या तुमी नसला तर दुसऱ्याला कळाया नको?”

मोहिद्दीनला हे सुचलं नव्हतं. पुढचे चार दिवस तो कामावरून आला की सांगायचा आणि आबेदा लिहायची. लिहिता लिहिता ती विचारायची, हे असं का, ते तसं का. तिला समजावताना त्यालाही काही गोष्टी पहिल्यांदा नीट कळल्या.

फौंड्रीत मात्र एक वेगळीच कुजबुज चालू होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कृष्णात त्याच्याजवळ येऊन बसला. भाकरीचा तुकडा मोडत, वर न बघता म्हणाला, “मोहिद्दीनभाई, खरं सांग. ही तुझी क्रेन चालू झाली म्हंजे आमी आठ जणांनी कुठं जायाचं?”

मोहिद्दीननं हे कधी मनात घेतलंच नव्हतं. इतके दिवस तो तारा आणि फेज यांच्यातच गुंतला होता. त्यानं हात धुतला आणि तडक आप्पासोंच्या खोलीत गेला.

“मालक, क्रेन चालवायला मानूस कोन ठरीवलाय?”

“पुण्याहून आणावा म्हणतोय.”

“कृष्णाता मिलिटरीत ट्रक चालवीत हुता. आन् लेडल कशी डुचमळती ते त्याला जेवडं ठावं हाय तेवडं पुन्याच्या मानसाला कुठनं ठावं असणार? त्यालाच वर बसवा की.”

आप्पासोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि बाकीचे सात?”

“ते तुमी सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासो स्वतः आवारात आले आणि सगळ्यांसमोर बोलले. क्रेन आल्यावर मोठे साचे घेता येतील, साचे करायला आत्ताच माणसं कमी पडताहेत, सात जण गुंडाच्या हाताखाली साचेकाम शिकतील, कुणालाही घरी पाठवणार नाही. कृष्णातला मात्र त्यांनी तिथंच केबिनची शिडी दाखवली. कृष्णात शिडीकडं बघत म्हणाला, “मालक, ट्रकचं स्टेरिंग हातात असतं, ब्रेक पायात असतो. हिचा ब्रेक कुठं हाय?”

ते मोहिद्दीननं त्याला समजावलं. क्रेनचा ब्रेक उलटा असतो. स्प्रिंग तो कायम आवळून धरते, आणि वीज आली की विजेच्या ओढीनं तो सुटतो. “म्हंजे मधीच लाइट गेली तर लेडल खाली येत न्हाई. जिथल्या तिथं धरून ठेवती.” त्या वर्षी वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळं हे ऐकून फक्त कृष्णातलाच नाही, खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी पहिली चाचणी झाली. दोन टन कच्च्या लोखंडाच्या विटा हुकाला लावल्या. मेन स्विचच्या टोकाला क्रेन झकास चालली. कृष्णातनं भार उचलला, ठेवला, परत उचलला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग तो पूल चालवत दुसऱ्या टोकाला गेला, जिथं भट्टी होती. तिथं त्यानं भार उचलायला केबिनमधला दांडा ओढला आणि ब्रेक खडखड वाजायला लागला, धरू का सोडू करत. मोटार घुमली पण जोर लावेना. भार वीतभर वर गेला, थरथरला, आणि तेवढाच खाली घसरला.

कुणीतरी म्हणालं, “ह्यापरीस आपलं दांडंच बरं हुतं.”

मोहिद्दीननं भार खाली ठेवायला लावला आणि गोडबोल्यांचं मीटर घेऊन वर चढला. मेन स्विचपाशी चारशे दहा व्होल्ट होते. भट्टीच्या टोकाला, मोटार जोर लावत असताना, तीनशे चाळीस. सत्तर व्होल्ट वाटेतच गळत होते. लोखंडाचा अँगल तांब्यासारखा सढळ नसतो. दीडशे फूट चालता चालता वीज दमत होती. ब्रेक सोडायलासुद्धा ओढ पुरेनाशी झाली की तो असा कचरतो.

संध्याकाळी तो नुसता अँगलांकडं बघत बसला. पाणी देताना पाटाच्या शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडलं तर शेतकरी काय करतो? दारं मधूनच फोडतो. वीज एका टोकाला न सोडता मधोमध सोडली तर? कुठल्याही टोकाला पोचायला तिला दीडशेच्या जागी पंचाहत्तरच फूट चालावं लागेल. गळतीही निम्मी.

गोडबोल्यांनी कागदावर आकडेमोड केली, कागद उलटा करून परत केली, आणि चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. “बरोबर आहे. हे मलाच आधी सुचायला हवं होतं.”

मेन स्विचपासून मधल्या खांबापर्यंत नवी जाड केबल टाकायची ठरली. काम वीज बंद असतानाच करणं शक्य होतं, आणि आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज कपातीत बंदच असायची. त्या दिवशी उन्हात पत्रा तापलेला असताना मोहिद्दीन सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत वर होता. जुनी जोडणी सोडली, नवी केबल मधल्या खांबावर नेली, तिन्ही अँगलांना तीन तारा बोल्टनं आवळल्या. उतरल्यावर तांब्याभर पाणी त्यानं डोक्यावर ओतून घेतलं.

वीज दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. आणि त्याच दिवशी आप्पासोंनी ओतकाम ठरवलं होतं. एका ऑइल इंजिनच्या कारखान्याचा मोठा बेड, म्हणजे इंजिनाची बैठक, दीड टनाचा, आजवर त्यांच्याकडं कधी न झालेला. गोडबोले दुपारी येणार होते. भट्टी सकाळीच पेटली. पंख्याचा घरघराट सुरू झाला, कोळशाचा वास आवारभर पसरला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरासारखी लगबग होती.

मोहिद्दीननं फ्यूज घातले, मेन स्विच चढवला आणि वर हाक मारली, “कृष्णाता, भार लावू नगं. मोकळा हुक आधी. वर घे.”

कृष्णातनं दांडा ‘वर’कडं ओढला. हुक खाली आला.

कृष्णातनं दांडा सोडला, परत ओढला. हुक आणखी खाली आला. त्यानं गाडा उजवीकडं नेऊन बघितला. गाडा डावीकडं गेला. सगळंच उलटं.

काय झालं ते मोहिद्दीनला तत्काळ कळलं होतं. तीन फेजपैकी कुठल्याही दोन एकमेकींच्या जागी गेल्या की मोटारी उलट्या फिरतात. काल वर, उन्हात, त्याच्याच हातून दोन तारांची अदलाबदल झाली होती.

वरून कृष्णातचा आवाज आला. “काय बिघडत न्हाई गड्या! मी उलटं चालवतो. ‘वर’ला खाली, ‘खाली’ला वर. तासाभरात हात बसंल. भट्टी तयार हाय तिकडं.”

आप्पासोंनीही मोहिद्दीनकडं पाहिलं. “चालेल का रे तसं? आजचा दिवस? उद्या सरळ करू.”

चालेल, असं म्हणणं सोपं होतं. कुणाला काही कळलंही नसतं. गोडबोले येण्याआधी ओतकाम होऊन गेलं असतं आणि चूक गुपचूप दुरुस्त झाली असती. मोहिद्दीनच्या ओठावर आलंही होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर हुकाच्या वरचा, मोटार बंद करणारा छोटा दांडा आला.

“मालक, न्हाई चालायचं. का ते दावतो. सगळी मागं व्हा.”

तो मेन स्विचपाशी गेला आणि त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. “कृष्णाता, हुक हळूहळू वर घे. पार वरपातूर. मी आवाज दिला की सोड.”

कृष्णातनं केबिनमधला दांडा ‘खाली’कडं ओढला, हुक वर चढायला लागला. हुक फार वर आला तर त्यानं ढकलून मोटार बंद व्हावी म्हणून गाड्याखाली एक दांडा लोंबत असतो. हुकाची पुली त्या दांड्याला टेकली, तिनं तो वर ढकलला, खट् असा आवाजही झाला. पण मोटार थांबली नाही. पुली वर चढतच राहिली. गाड्याच्या पोटाला भिडायला चार बोटं उरली तेव्हा कृष्णात ओरडला, आणि मोहिद्दीननं मेन स्विच खाडकन ओढला. सगळं जागच्या जागी थांबलं.

“ह्यो दांडा ‘वर’ची तार तोडतो,” मोहिद्दीन म्हणाला. “आन् आता आपन वर जातोय ते ‘खाली’च्या तारेवरनं. म्हंजे दांडा हाय खरं, आंधळा झालाय. पुली गाड्यावर आदळली असती, दोर तुटला असता, आन् खाली लेडल असती तर...”

गुंडा माळी साच्याशेजारी उभा होता. सगळ्यांची नजर एकदा त्याच्याकडं गेली.

“चूक माझी हाय,” मोहिद्दीन म्हणाला. “काल वर दोन तारा मीच फिरीवल्या. दुसऱ्या कुणाचा त्यात हात न्हाई.”

आप्पासोंनी घड्याळ पाहिलं. भट्टीतला रस तासाभरात काढायला यायचा. “किती वेळ लागेल?”

“अर्धा तास.”

“आणि नाही झालं तर?”

कृष्णात शिडीवरून खाली उतरत होता. तोच म्हणाला, “न्हाई झालं तर आमी आठ जण हायच की मालक. थोडं थोडं करून छोटं साचं भरू, रस वाया जाऊ देत न्हाई. तुमी त्याला घाई करू नगा.”

मोहिद्दीननं फ्यूज काढून खिशात घातले, शिडी चढला, टेस्ट लॅम्प लावून खात्री केली, आणि मधल्या खांबावरच्या दोन तारांचे बोल्ट सोडले. हात इतके घामेजले होते की पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं सदऱ्याला हात पुसले. मग तारा बदलल्या, बोल्ट आवळले, प्रत्येक बोल्ट हातानं हलवून बघितला. खाली आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

मोकळा हुक वर म्हटलं तर वर गेला, खाली म्हटलं तर खाली. परत पार वरपर्यंत नेला. पुलीनं दांडा ढकलला आणि मोटार आपोआप थांबली. दोन टनांचा भार भट्टीच्या टोकाला नेऊन उचलला. ब्रेक एकदाच, स्पष्ट, खट् वाजला. मीटरवर तीनशे पंचाहत्तर.

आणि मग भट्टीचं तोंड फोडलं. पिवळा-पांढरा रस लेडलमध्ये उतरला, लेडल हुकाला अडकली, आणि कृष्णातनं ती जमिनीवरून उचलली. पाळण्यातलं मूल उचलावं तशी. खाली सात जण भिंतीला टेकून उभे होते. इतकी वर्षं या वेळी त्यांच्या हातात दांडे असायचे. आज हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. कुणी कमरेवर ठेवले, कुणी पाठीमागं बांधले. लेडल त्यांच्यासमोरून सरकत गेली, मोठ्या साच्यावर थांबली, कलली, आणि रस एका धारेत साच्यात उतरत राहिला, साचा भरून कडेच्या भोकातून वर दिसेपर्यंत.

“भरला!” गुंडा ओरडला.

गोडबोले दुपारी आले तेव्हा मोहिद्दीननं सकाळचा सगळा प्रकार त्यांना आपणहून सांगितला. त्यांनी वर चढून सगळे बोल्ट तपासले, खाली आले, आणि कागदावर सही करताना म्हणाले, “चाळीस वर्षांत माझ्या हातून दोन फेज सात वेळा उलट झाल्यात. त्यातल्या दोनदा मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

अट त्यांनी विसरू दिली नाही. आबेदा रोज जेवणानंतर पुस्तक वाचून दाखवायची, मोहिद्दीन तोंडी उत्तरं द्यायचा. मग तेच उत्तर ती त्याच्याकडून पाटीवर लिहून घ्यायची. पंचाहत्तर साली तो लेखी परीक्षेत नापास झाला. दोन दिवस त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आबेदानं पाटी पुढं केली. “प्रश्न पैला,” ती म्हणाली. शहाहत्तर साली तो पास झाला. परवाना पोस्टानं आला तेव्हा त्यानं तो उंब्रजला नेऊन बापाला दाखवला. दिलावरना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उजेडाकडं धरून शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “ह्यो सरकारचाच हाय न्हवं?”

पुढच्या चार वर्षांत सांगली, पलूस, कऱ्हाड मिळून नऊ क्रेनांची वीज मोहिद्दीननं जोडली. एकोणऐंशीच्या आषाढात कुपवाडच्या एका कारखान्याचा वायरमन अर्जुना त्याला शोधत आला. चेहरा उतरलेला. पावसाची झड आली की त्याच्या क्रेनचे फ्यूज उडायचे, आणि चार दिवस झाले, कारण सापडत नव्हतं. दोघं सायकलींवरून कुपवाडला गेले. मोहिद्दीननं मेन स्विच ओढला, फ्यूज खिशात घातले आणि अँगलांच्या कडेनं हळूहळू पुढं सरकत गेला. शेवटच्या खांबावर, चिनीमातीच्या दोन गट्टूंच्या मध्ये, पारव्याचं घरटं होतं. काड्या मिळाल्या नसतील म्हणून पारव्यानं आवारातले बाइंडिंग तारेचे तुकडेच गोळा करून ते विणलं होतं. पत्र्यातून ठिबकणारं पाणी नेमकं त्यावर पडत होतं, आणि घरटं भिजलं की एका अँगलची वीज त्यातून दुसऱ्या अँगलवर जायची.

घरट्यात अंडी नव्हती. मोहिद्दीननं ते अलगद उचललं आणि खाली अर्जुनाच्या हातात दिलं. अर्जुना कितीतरी वेळ ते उलटसुलट करून बघत राहिला.

“चार दिस मी मोटार खोलत बसलो हुतो,” तो म्हणाला.

“मग आता ती झाक,” मोहिद्दीन वरूनच म्हणाला, “आन् मला एक फडकं दे. हे गट्टू पुसून घेतो.”